अल्वाराडो ४ की ६? अपेंडिक्सच्या दुखण्याला गुण देताना

मापारी | ९ डिसेंबर, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. दहा दिवस डोक्यात हेच चाललंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. इथे डॉक्टर बरेच आहेत, त्यांच्याकडून समजून घ्यायचंय. ज्यांच्या घरी असं काही घडलं असेल त्यांनीही जरूर लिहा.

माझी भाची, वय २०, कॉलेजसाठी आमच्याकडे नाशिकला इंदिरानगरात राहते. त्या शनिवारी सकाळी तिने पोहे तसेच ठेवले. "मामी, बेंबीपाशी कसंतरीच होतंय," एवढंच म्हणाली. दुपारी तीनच्या सुमाराला दुखणं उजवीकडे खाली सरकलं. जिना उतरताना एक हात पोटाशी आणि एक कठड्याला. संध्याकाळी सहाला जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, रक्त पाठवलं. पांढऱ्या पेशी ९,८००, न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) ७२ टक्के. केसपेपरवर 'अल्वाराडो ४' असं लिहिलं (अपेंडिक्सला सूज असण्याची शक्यता दहापैकी गुणांत मांडायचं हे माप), गॅसची गोळी आणि पॅरासिटामॉल दिली आणि घरी पाठवलं. दुखलं तर परत कधी यायचं, कशावर लक्ष ठेवायचं, काही सांगितलं नाही.

माझं मन मानेना. साडेआठला एका सर्जनकडे नेलं. मुलगी तीच, रक्ताचा रिपोर्ट तोच, मध्ये अडीच तास गेलेले. त्यांनी ६ लिहिलं आणि ठेवून घेतलं. सकाळी सातला परत रक्त घेतलं तर पेशी १३,२००, न्यूट्रोफिल ८२ टक्के. आता गुण ९. सोनोग्राफीत अपेंडिक्स ९ मिलिमीटर सुजलेलं दिसलं, दुपारी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. फुटलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी घरी आली, परवापासून कॉलेजलाही जायला लागली.

मी अंबडला एका कारखान्यात २२ वर्षं क्वालिटीत आहे. एकच बुश (यंत्रातला पोकळ गोल भाग) दोघांनी मोजला आणि मापं वेगळी आली, तर आम्ही आधी बुशला दोष देत नाही, मोजण्याची पद्धत तपासतो. कोणी मोजलं, कधी मोजलं, कुठल्या गेजने म्हणजे मोजायच्या साधनाने मोजलं, हे लिहिलेलं नसेल तर ते रीडिंग वहीत धरत नाही. भाचीच्या केसपेपरवर नुसता '४' होता. चार कशाकशाचे, किती वाजताचे, काही नाही.

मी वाचून समजून घेतलं ते असं. दुखणं बेंबीपासून उजवीकडे खाली सरकलं तर १, भूक मेली तर १, मळमळ किंवा उलटी असेल तर १. उजवीकडे खाली दाबल्यावर दुखलं तर २, दाबून हात पटकन काढल्यावर कळ आली तर १, ताप ३७.३ सेल्सियस म्हणजे साधारण ९९.१ फॅरनहाइट किंवा वर असेल तर १. पांढऱ्या पेशी १०,००० च्या वर गेल्या तर २, न्यूट्रोफिल ७५ टक्क्यांवर असतील तर १. एकूण १०.

मग एकाच संध्याकाळी चार आणि सहा कसे? आणि चार असताना घरी पाठवणं बरोबर होतं का?

टाकेदोरा | ९ डिसेंबर, रात्री ११.०२

मापारी साहेब, भाची सुखरूप आहे हे वाचून खरंच बरं वाटलं. मी नाशिकरोडला सर्जन आहे, १८ वर्षं झाली. तुम्ही गुण बरोबर मांडलेत.

आधी तफावतीचं. भाचीला एक विचारा: पहिल्या दवाखान्यात "उलटी झाली का?" असं विचारलं होतं, आणि दुसरीकडे "ढवळतंय का?" असं? उलटी झाली नव्हती तर ती पहिल्या प्रश्नाला 'नाही' म्हणाली असणार आणि दुसऱ्याला 'हो'. एक गुण तिथे गेला. दुसरा गेला हात सोडण्यात. दाबून सोडल्यावरची कळ ही बोटांवर अवलंबून असते. किती खोल दाबलं, किती वेळ थांबलं, किती झटक्याने सोडलं. दोन अनुभवी सर्जनांचंही त्यावर नेहमी एकमत होत नाही. मी स्वतः आता झटक्याने सोडतच नाही, पेशंटला उगाच यातना होतात. बोटांनी हलकी टिचकी मारली किंवा "जरा खोका" म्हटलं, तरी चेहऱ्यावर दिसतं.

अडीच तासांत आजारही पुढे सरकतो, हे सगळ्यात महत्त्वाचं. अपेंडिक्सचं तोंड खड्यासारख्या कडक मळाने किंवा सुजलेल्या ग्रंथीने बंद होतं, आत दाब वाढतो. त्या वेळी आतड्याच्या नसा दुखणं सांगतात, आणि त्या नसांना जागा नेमकी सांगता येत नाही, म्हणून सगळं बेंबीपाशी जाणवतं. सूज बाहेरच्या आवरणापर्यंत पोचली आणि पोटाच्या आतल्या अस्तराला लागली की दुखणं उजवीकडे एका जागी येऊन बसतं. तुमची भाची साडेआठला त्या टप्प्यात जास्त आत होती.

चार असताना घरी पाठवणं चुकलं असं मी म्हणणार नाही. घरी पाठवताना काही सांगितलं नाही, ते चुकलं.

मापारी | ९ डिसेंबर, रात्री ११.२०

भाचीला आत्ताच विचारलं. तुम्ही म्हणता तसंच. पहिल्यांदा "उलट्या झाल्या का?" आणि दुसरीकडे "जेवणाचं नाव काढलं तर पोटात ढवळतंय का?" ती म्हणाली, "मामा, कोरडी उबळ तर दुपारपासून येत होती, पण ते कोणी विचारलंच नाही."

आणखी एक. सकाळी नऊ गुण होते तेव्हाही तापाचा गुण शून्य होता. रात्री सलाईनमधून पॅरासिटामॉल दिलं होतं आणि सहाच्या दवाखान्यातली गोळी तिने सव्वासातलाच घेतली होती. म्हणजे थर्मामीटर बरोबर होता, पण मोजलेला ताप खरा नव्हता.

टाकेदोरा | ९ डिसेंबर, रात्री ११.४१

अगदी बरोबर. आता या गुणांचा जन्म कसा झाला ते सांगतो, म्हणजे ते कुठे वापरायचे हे कळेल.

डॉ. आल्फ्रेडो अल्वाराडो यांनी हे १९८६ मध्ये मांडलं. फिलाडेल्फियाच्या एका रुग्णालयात अपेंडिक्सच्या संशयाने दाखल झालेल्या ३०५ पेशंटची कागदपत्रं त्यांनी मागे वळून तपासली आणि कुठलं लक्षण किती वजनाचं ते ठरवलं. त्यांचा सल्ला असा होता: ५-६ म्हणजे अपेंडिक्स असू शकतं, नजर ठेवा; ७-८ म्हणजे बहुधा आहे; ९-१० म्हणजे जवळजवळ नक्की; सात किंवा वर असतील तर ऑपरेशनकडे जा. योगायोग बघा, 'अपेंडिसायटिस' (अपेंडिक्सची सूज) हा शब्द बॉस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८६ मध्ये मांडला, बरोबर १०० वर्षं आधी.

लक्षात घ्या, ते ३०५ लोक *आधीच* संशयाने दाखल झालेले होते. अनुभवी डॉक्टरच्या चाळणीतून गेलेले. त्या गाळलेल्या लोकांवर बसवलेलं माप घरी पोट दुखणाऱ्या प्रत्येकाला लावलं तर ते चुकतं. म्हणून कृपा करून मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडून घरच्या घरी स्वतःला गुण देऊ नका.

नंतर या गुणांवर जगभर झालेले अभ्यास २०११ मध्ये एकत्र करून पाहिले गेले. निष्कर्ष असा की पाचच्या खाली गुण असतील तर अपेंडिक्स नाही असं म्हणायला हे माप चांगलं आहे. ज्यांना खरोखर अपेंडिक्स होतं त्यांतले ९९ टक्के लोक पाच किंवा वर होते. पण सात आहेत म्हणून चला ऑपरेशन थिएटरमध्ये, इतकी खात्री ते देत नाही. नाही म्हणायला पक्कं आणि हो म्हणायला कच्चं, असं हे माप आहे.

वर्षा_ना | १० डिसेंबर, सकाळी ७.४८

डॉक्टर, 'हो म्हणायला कच्चं' हे मी भोगलंय. मी तेव्हा २४ वर्षांची. उजवीकडे खाली असह्य दुखणं, उलट्या, पेशी वाढलेल्या. गुण ८ सांगितले आणि रात्रीतच ऑपरेशन केलं. अपेंडिक्स चांगलं निघालं. अंडाशयातली गाठ फुटली होती. मासिक पाळी कधी आली हे मला ऑपरेशन झाल्यावर विचारलं. आधी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की पाळीला पंधरा दिवस झालेत.

मला राग जास्त या गोष्टीचा आला की आईने दोनदा म्हटलं होतं, "हिला पाळीच्या मधल्या दिवसांत असंच दुखतं." तिला "काकू, गुण आठ आलेत" असं उत्तर मिळालं.

टाकेदोरा | १० डिसेंबर, सकाळी ९.१०

वर्षाताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. अल्वाराडोची ही ठाऊक असलेली उणीव आहे: पुरुषांत हे माप बऱ्यापैकी बरोबर चालतं, बायकांत ते जास्त गुण दाखवतं. कारण त्याच कोपऱ्यात अंडाशय आणि गर्भनलिकाही आहेत, आणि तिथला दाह किंवा पीळ अगदी तशीच लक्षणं देतो. ब्रिटनमध्ये हजारो पेशंटचा मोठा अभ्यास झाला. त्यात ऑपरेशन झालेल्या बायकांपैकी २८ टक्क्यांचं अपेंडिक्स चांगलं निघालं, पुरुषांत हेच प्रमाण १२ टक्के. त्या अभ्यासातून बायकांसाठी वेगळं आणि पुरुषांसाठी वेगळं माप सुचवलं गेलं.

मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येक बाईची पाळीची तारीख आणि लघवीवरची गर्भचाचणी ही गुणांच्या आधी यायला हवी. नळीतला गर्भ फुटलेला असेल तर तिथे गुण मोजत बसायला वेळ नसतो. आणि पेशंटची आई जे सांगते ती तपासणीच असते, ती ऐकायची असते.

सावळघाट | १० डिसेंबर, दुपारी २.३५

मी पेठ तालुक्याच्या बाजूला सरकारी दवाखान्यात वैद्यकीय अधिकारी आहे. शहरातल्यांना हा गुणांचा खेळ कागदी वाटत असेल, आमच्याकडे ती फोनवरची भाषा आहे.

रात्री अकराला पोट दुखणारा पेशंट आला तर माझ्याकडे सर्जन नाही, सोनोग्राफी नाही, रात्री लॅबही बंद. नाशिक ५५ किलोमीटरच्या आसपास, मध्ये घाट. पूर्वी मी फोन करून म्हणायचो, "सर, पोट दुखतंय, अपेंडिक्स वाटतंय." पलीकडून "पाठवा" किंवा "सकाळी पाठवा", मूडप्रमाणे. आता म्हणतो, "सर, मुलगा १६, दुखणं सरकलंय, भूक नाही, ढवळतंय, उजवीकडे दुखरं, खोकल्यावर कळ, ताप १००. सातपैकी सात, पेशी माहीत नाहीत." लगेच "१०८ ला बसवा, मी थिएटरला कळवतो." दहापैकी तीन गुण रक्ताचे, म्हणजे हाताने, प्रश्नांनी आणि थर्मामीटरने सात मिळवता येतात. न्यूट्रोफिलचा गुण वगळून नऊचं सुधारित मापही १९९४ पासून वापरात आहे. जिथे पांढऱ्या पेशींच्या प्रकारांची वेगळी मोजणी होत नाही तिथे ते उपयोगी पडतं.

दोन गोष्टी मात्र पुस्तकात नीट सापडल्या नाहीत, त्या अनुभवातून लिहितो.

एक, अंतर. गंगापूर रोडवरच्या घरी चार गुणांचा पेशंट गेला आणि पहाटे दुखणं वाढलं तर पंधरा मिनिटांत रुग्णालयात. माझा चार गुणांचा पेशंट पाड्यावर गेला तर त्याला आधी डांबरी रस्त्यापर्यंत चालत यायचंय, तेही कोणी उचलून आणलं तर. या मापात अंतराचा रकाना नाही. तो मी मनात धरतो आणि चारवाल्यालाही रात्रभर खाटेवर ठेवतो. खाट नसेल तर बाकावर ठेवतो, पण ठेवतो.

दोन, सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. आमच्या पट्ट्यात, सुरगाण्यात, हा आजार आहे. सिकलसेलच्या पेशंटच्या पांढऱ्या पेशी एरवीही वाढलेल्या असतात आणि त्याच्या झटक्यात पोट प्रचंड दुखू शकतं. त्याला पेशींचे दोन गुण फुकटात मिळतात. म्हणून मी आधी विचारतो, "तपासणीचं कार्ड आहे का? लाल की पिवळं?" ते न विचारता गुण मोजले तर नको त्या पोरावर सुरी चालेल. उलट, सिकलसेल आहे म्हणून अपेंडिक्स होतच नाही असंही नाही. त्याला पाठवतोच, पण फोनवर सिकलसेल हा पहिला शब्द असतो.

मळमळीचं टाकेदोरा सरांनी लिहिलं ते फार खरं. मी "मळमळ" हा शब्दच वापरत नाही. "समोर भाकरी आली तर काय होतं?" असं विचारतो.

पेशीमोज | १० डिसेंबर, संध्याकाळी ६.२०

मी पॅथॉलॉजिस्ट. रक्ताबद्दल थोडं.

भाचीच्या पहिल्या रिपोर्टमध्ये ९,८०० होत्या. मापाच्या हिशेबात ९,८०० ला शून्य आणि १०,१०० ला दोन. पण तोच नमुना यंत्रात दोनदा घातला तरी एवढा फरक पडू शकतो. मापारी साहेबांना हे मी सांगायला नको, काठावरचं रीडिंग म्हणजे काय ते त्यांना कळतं. म्हणून काठावरचा आकडा आला की काही तासांनी पुन्हा रक्त घेणं हाच मार्ग.

गरोदरपणात पेशी मुळातच जास्त असतात, स्टिरॉइड चालू असेल तरी वाढतात. हल्ली बरेच जण सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी) मागतात. ते वाढायला वेळ लागतो. दुखणं सुरू होऊन सहा तास झालेत आणि सीआरपी चांगलं आहे, यावर निर्धास्त होऊ नये. दुखणं दीड दिवसाचं असेल आणि पेशी, न्यूट्रोफिल, सीआरपी तिन्ही चांगले असतील, तर मात्र अपेंडिक्सची शक्यता बरीच खाली येते.

निफाडकर | १० डिसेंबर, रात्री ९.०५

आमच्या वडिलांचं सांगतो. वय ७१, वीस वर्षांची शुगर. द्राक्ष काढणीचा हंगाम, त्यामुळे "जरा पोट धरलंय" म्हणत तीन दिवस बागेत. ताप नाही, उलटी नाही. गावच्या डॉक्टरांनी तपासून, हिशेब करून सांगितलं, गुण तीन, काळजी नको. चौथ्या दिवशी पोट लाकडासारखं झालं. अपेंडिक्स फुटून पू पसरला होता. १९ दिवस रुग्णालयात होते, त्यातले ६ आयसीयूत. वाचले. पण मला आजही वाटतं, ते तीन गुण आमच्या डोक्यात बसले नसते तर दुसऱ्याच दिवशी नाशिकला नेलं असतं.

टाकेदोरा | १० डिसेंबर, रात्री १०.३०

निफाडकर, तुमच्या जागी कोणीही त्या आकड्यावर विश्वास ठेवला असता, स्वतःला दोष देऊ नका.

म्हातारपणी आणि जुन्या मधुमेहात शरीर आरडाओरडा करत नाही. ताप चढत नाही, पोट कडक व्हायला उशीर लागतो, पेशीही तितक्या उसळत नाहीत. माप लक्षणांवर उभं आहे आणि इथे लक्षणंच मुकी. म्हणून साठी ओलांडलेल्या माणसाच्या नव्या पोटदुखीत कमी गुण आले म्हणून मी कधीच थांबत नाही, सीटी स्कॅनकडे लवकर वळतो. त्या वयात कॅन्सरची गाठही अपेंडिक्सचं सोंग घेऊन येते, तीही सीटीत दिसते.

पंचवटीचे आजोबा | ११ डिसेंबर, सकाळी ६.४०

मी ४० वर्षं पंचवटीत फॅमिली डॉक्टर म्हणून काम केलं, आता निवृत्त आहे. स्पष्ट लिहितो, राग मानू नये. आम्ही पेशंट दारातून कसा आत येतो ते बघायचो. कमरेत वाकून, पाऊल हलकं टाकत आला की अर्धं निदान तिथेच. पोटावर हात ठेवण्याआधी हात गरम करून घ्यायचो. दुखत नाही त्या बाजूने सुरुवात करायची, दुखऱ्या जागी शेवटी जायचं, आणि नजर पोटावर नाही, तोंडावर. डावीकडे दाबल्यावर उजवीकडे दुखतं का ते पाहायचं. आजचे तरुण डॉक्टर आधी रिपोर्ट मागतात, मग गुण लिहितात, आणि पोटाला हात लावतात की नाही कोण जाणे. गुणांनी हात आळशी होतात अशी मला काळजी वाटते.

सावळघाट | ११ डिसेंबर, सकाळी ८.१५

आजोबा, तुमचा शब्द न शब्द मी वही काढून लिहून घेतला, हात गरम करण्यासकट. पण एक आदराने सांगतो. दहापैकी तीन गुण पोटाला हात लावल्याशिवाय मिळत नाहीत आणि तीन प्रश्न विचारल्याशिवाय. नवा डॉक्टर प्रामाणिकपणे रकाने भरायला बसला तर त्याला हात लावावाच लागतो. माझ्याकडे इंटर्न येतात, त्यांना मी रिकामा तक्ता देतो आणि प्रत्येक गुणासमोर 'कसं विचारलं, कसं तपासलं' ते लिहायला लावतो. तुमच्यासारखा गुरू प्रत्येक दवाखान्यात नाही. तक्ता गुरू नव्हे, पण एखादा प्रश्न सुटून जाऊ देत नाही.

पंचवटीचे आजोबा | ११ डिसेंबर, सकाळी ८.५०

असं करत असाल तर माझी हरकत नाही. इंटर्नना एवढं जरूर सांगा, तपासताना पेशंटच्या चेहऱ्यावरून नजर हलू देऊ नका.

सईची आई | ११ डिसेंबर, दुपारी १२.१०

मुलगी ८ वर्षांची आहे, म्हणून दोन प्रश्न. लहान मुलांनाही हेच गुण लावतात का? आणि दुखत असताना सुई दिली तर निदान चुकतं, म्हणून सुई द्यायची नाही, असं आमच्याकडे एका डॉक्टरांनी सांगितलं होतं. लेकरू तळमळत असताना बघवत नाही हो.

टाकेदोरा | ११ डिसेंबर, दुपारी १.४५

ताई, दुसऱ्याचं आधी. वेदनाशामक दिल्याने निदान चुकतं ही जुनी समजूत. यावर नीट प्रयोग झालेत आणि औषध दिल्यावरही निदानात फरक पडत नाही असंच दिसलंय. कोवळ्या लेकराला तळमळत ठेवायची गरज नाही. उलट दुखणं जरा कमी झाल्यावर मूल पोटाला नीट हात लावू देतं. काय दिलं आणि किती वाजता, हे मात्र कागदावर हवं. घरी पोट दुखतंय म्हणून मनाने जुलाबाचं औषध किंवा एनिमा देऊ नका.

मुलांसाठी वेगळं माप आहे, डॉ. सॅम्युअल यांनी २००२ मध्ये मांडलेलं, तेही दहाचं. त्यात खोकताना, टिचकी मारल्यावर किंवा उडी मारताना उजवीकडे दुखलं तर दोन गुण आहेत. मी मुलांना सांगतो, "चल, मला दोन उड्या लंगडी घालून दाखव." हसत लंगडी घालून पलंगापर्यंत गेलेल्या मुलाला अपेंडिक्स असण्याची शक्यता कमी असते. जे मूल पाय उचलायलाच तयार होत नाही, त्याच्या पोटात काहीतरी आहे. मुलांत आतड्याजवळच्या ग्रंथी सुजूनही असंच दुखतं, बऱ्याचदा सर्दी-घशानंतर. अगदी लहान, तीन-चार वर्षांच्या आतल्या मुलांना मात्र दुखणं सांगता येत नाही आणि अपेंडिक्स लवकर फुटतं. तिथे गुणांची वाट पाहू नये, सरळ बालशल्यतज्ज्ञ गाठावा.

छायाप्रकाश | ११ डिसेंबर, संध्याकाळी ७.३०

रेडिओलॉजिस्ट आहे. धाग्यात सोनोग्राफीचा विषय ओझरता आलाय, म्हणून.

अपेंडिक्स सोनोग्राफीत पाहण्याची हळूहळू दाबत जाण्याची पद्धत डच रेडिओलॉजिस्ट प्यूलार्ट यांनी १९८६ मध्येच मांडली, म्हणजे अल्वाराडोच्याच वर्षी. प्रोबने दाबत गेलं की मधला वायू बाजूला सरतो, चांगलं आतडं चपटं होतं. सुजलेलं अपेंडिक्स चपटं होत नाही आणि त्याचा व्यास ६ मिलिमीटरच्या वर भरतो. भाचीचं ९ होतं.

पण रिपोर्टमधल्या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, तो पेशंटने ओळखावा. 'अपेंडिक्स दिसलं, चांगलं आहे' हे एक. 'अपेंडिक्स दिसलं नाही' हे दुसरं. दुसऱ्याचा अर्थ ठीक आहे असा नाही. ते मोठ्या आतड्याच्या मागे लपलेलं असेल, पोटात वायू असेल, माणूस जाड असेल, तर दिसत नाही. असा रिपोर्ट हातात घेऊन "सोनोग्राफी नॉर्मल आली" म्हणत लोक घरी जातात, आणि मी दुसऱ्या दिवशी फुटलेलं अपेंडिक्स पाहतो. मला फोनवर कोणी आधी गुण सांगितले तर मीही वेगळ्या नजरेने शोधतो. सात गुण आणि अपेंडिक्स दिसत नाही, तर मी स्वतःच सीटी सुचवतो. तीन गुण आणि दिसत नाही, तर उद्या परत बघू म्हणतो.

मापारी | ११ डिसेंबर, रात्री ९.५५

छायाप्रकाश सर, 'दिसलं नाही' म्हणजे ठीक आहे असं नाही, हे मी ऑफिसातल्या सगळ्यांना वाचून दाखवणार आहे.

टाकेदोरा सर, वेगवेगळी मापं इतकी का? मला स्वीडनचं एक सापडलं, ब्रुनेईचं एक सापडलं. कुठलं खरं धरायचं?

टाकेदोरा | ११ डिसेंबर, रात्री १०.४०

तुमच्याच भाषेत, गेज ज्या लोकांवर बसवला त्या लोकांवर तो बरा चालतो. ब्रुनेईचं रिपासा माप २०१० चं, तिथल्या राजेसाहेबांच्या राणीच्या नावाच्या रुग्णालयात बनलेलं. त्यात वय, लिंग, दुखण्याचे तास हेही धरलेत, आणि परदेशी ओळखपत्र असलेल्यालाही एक गुण आहे. तिथे त्याला कारण असेल, पण सातपूरच्या पेशंटला तो रकाना लावता येत नाही.

स्वीडनचं एआयआर माप २००८ चं, एकूण १२ गुणांचं. मला ते आवडतं, कारण ते 'आहे-नाही' असं विचारत नाही, 'किती' असं विचारतं. पोट थोडं कडक तर १, मध्यम २, खूप ३. पेशी १०,००० च्या वर १, १५,००० पासून २. सीआरपीही पायऱ्यांनी. त्यामुळे पेशीमोज म्हणाले ती काठाची अडचण थोडी कमी होते. चारपर्यंत कमी धोका, नऊपासून जास्त, मधल्यांना स्कॅन. जगभरच्या सर्जनांच्या २०२० च्या जेरुसलेम मार्गदर्शक सूचनांतही प्रौढांसाठी एआयआर आणि फिनलंडमध्ये बनलेलं आणखी एक माप यांना अल्वाराडोपेक्षा वरचं स्थान आहे. आपल्याकडे अल्वाराडो चालतो कारण तो सगळ्यांना पाठ आहे आणि सीआरपी सगळीकडे होत नाही.

निफाडकर | ११ डिसेंबर, रात्री ११.०५

ऑपरेशन न करता नुसत्या अँटिबायोटिकवर बरं होतं असं ऐकलं, ते गुणांवरून ठरवतात का?

टाकेदोरा | ११ डिसेंबर, रात्री ११.२५

नाही. गुण अपेंडिक्सला सूज आहे का एवढंच सुचवतात. औषधावर ठेवायचं तर सीटीत फुटलेलं नाही, आत खडा नाही, हे दिसायला हवं. फिनलंडच्या अभ्यासात औषधावर ठेवलेल्यांपैकी पाच वर्षांत ३९ टक्क्यांना शेवटी ऑपरेशन लागलं, म्हणजे बाकीच्यांना लागलं नाही. पर्याय खरा आहे, पण दुखलं की अर्ध्या तासात रुग्णालय गाठू शकेल अशा माणसासाठी.

सावळघाट | १२ डिसेंबर, दुपारी ३.१०

मापारी साहेबांच्या पहिल्या पोस्टमधला 'नुसता ४' माझ्या डोक्यातून जात नाहीये. आम्ही घरी पाठवताना एक छापील चिठ्ठी देतो, अर्ध्या पानाची. कोणाला उपयोगी पडली तर घ्या:

"आज तारीख ____, वेळ ____ वाजता तुमचं पोट तपासलं. गुण ____ , तपासणाऱ्याचं नाव ____. आत्ता अपेंडिक्सची शक्यता कमी वाटते, पण हा आजार काही तासांत बदलतो. उद्या सकाळी ____ वाजता पोट पुन्हा दाखवायला या, बरं वाटलं तरी या. त्याआधीच दुखणं उजवीकडे खाली येऊन बसलं, चालताना किंवा खोकताना कळ आली, ताप आला, उलट्या थांबेनात, पोट फुगलं किंवा कडक झालं, चक्कर आली, तर वाट न पाहता लगेच या किंवा १०८ ला फोन करा. दुखणं एकदम थांबलं आणि माणूस जास्तच मलूल झाला तर ते बरं होणं नव्हे, तेव्हाही लगेच या. येताना ही चिठ्ठी आणा."

वाचता न येणाऱ्यांना आशाताई वाचून दाखवतात आणि घरातल्या एकाला परत म्हणायला लावतात.

टाकेदोरा | १२ डिसेंबर, संध्याकाळी ५.०० 

"दुखणं एकदम थांबलं" हे वाक्य घातलंत, उत्तम. अपेंडिक्स फुटल्यावर आतला दाब गेला की काही वेळ बरं वाटतं, आणि त्यातच घरचे फसतात.

मापारी | १४ डिसेंबर, रात्री ८.२०

सावळघाट सर, चिठ्ठी टाइप करून शंभर प्रती काढल्या. आज संध्याकाळी पहिल्या दवाखान्यात स्वतः जाऊन आलो. भांडायला गेलो नव्हतो. डॉक्टरांना भाचीचे तिन्ही वेळचे गुण एका कागदावर वेळेसकट मांडून दाखवले. त्यांनी दोन मिनिटं कागद पाहिला, भाची कशी आहे विचारलं आणि म्हणाले, "त्या दिवशी बाहेर चाळीस पेशंट होते. तरी 'सकाळी दाखवा' एवढं सांगायला हवं होतं." मग चिठ्ठी वाचली, खिशातलं पेन काढलं आणि वेळेच्या रकान्याखाली हाताने एक ओळ लिहिली: "तापाची किंवा दुखण्याची गोळी घेतली असेल तर किती वाजता ____".

पन्नास प्रती त्यांनी ठेवून घेतल्या.

सावळघाट | १४ डिसेंबर, रात्री ९.४५

ती ओळ आमच्या चिठ्ठीत उद्याच घालतो.